छळयंत्रांचे फोटो, व्हडलें घर आणि कबुलीजबाब

मांडवीकाठ (धागाकर्ता)

डिसेंबरात जुन्या गोव्याचं फेस्त जवळ आलं की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. बाईच्या आकाराची लोखंडी पेटी, दार उघडं, आत खिळेच खिळे. खाली मजकूर: 'गोव्यात इन्क्विझिशनने आपल्या पूर्वजांना यात कोंबून मारलं. जास्तीत जास्त शेअर करा.'

इन्क्विझिशन म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय. पण ती पेटी गोव्यात कधीच नव्हती. मध्ययुगात ती युरोपातही नव्हती. न्यूरेंबर्गची 'लोहकुमारी' म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि तिची जन्मकथा १७९३ सालची. झीबेनकेस नावाच्या जर्मन लेखकाने १५१५ मध्ये एका गुन्हेगाराला अशा पेटीत मारल्याची हकिकत छापली. त्याआधी तिचा कुठे पत्ताच नाही. नंतर एकोणिसाव्या शतकात कोणीतरी सुटे भाग जोडून खरोखरची पेटी उभी केली आणि तिकीट लावून दाखवली. तोंडात घालून स्क्रू फिरवला की उमलणारी ती लोखंडी नाशपातीही तशीच. युरोपातल्या छळ-म्युझियमांत ती दिमाखात मांडलेली असते, पण ती तशी वापरल्याचा त्या काळातला पुरावा कोणी दाखवलेला नाही.

गोव्यात जे होतं ते इतकं साधं आहे की त्याचा फोटो कोणी फॉरवर्ड करणार नाही: दोरी, छताला कप्पी, एक लाकडी बाक, आणि टेबलाशी टाक घेऊन बसलेला लेखनिक.

पोर्तुगीज इन्क्विझिशनचे मुख्य प्रकार दोन, पोले आणि पोत्रो. पोले म्हणजे हात पाठीमागे बांधून माणसाला कप्पीवरून वर ओढायचं आणि खाली सोडायचं. सावकाश सोडणं वेगळं, आणि जमिनीला पाय लागायच्या आत हिसका देऊन थांबवणं वेगळं. दोन्हींना नावं होती, आणि कोणाला काय द्यायचं हे आधी ठरे. हिसक्याने खांदे निखळत. (फ्लॉरेन्समध्ये १५१३ साली मॅकियाव्हेलीलाही असंच टांगलं होतं.) पोत्रो म्हणजे बाक. त्यावर निजवून दंडांना, मांड्यांना दोऱ्या वेढायच्या आणि पीळ देत जायचं. ज्याला पोले झेपणार नाही असं वैद्य सांगे, त्याला पोत्रो. हो, वैद्य तिथे हजर असे. लेखनिक प्रत्येक शब्द टिपून घेई, किंकाळ्यांसकट.

सुरू करण्याआधी कैद्याला ऐकवलं जाई: यात तुझं हाड मोडलं किंवा जीव गेला तर दोष तुझाच, कारण खरं न बोलण्याचा हट्ट तुझा आहे. हेही नोंदवहीत उतरे. मला त्या खिळ्यांच्या पेटीपेक्षा या एका वाक्याची धास्ती जास्त वाटते.

पोप चौथ्या इनोसंटने १२५२ मध्ये पाखंड्यांच्या छळाला परवानगी दिली तीच मुळी अटी घालून: अवयव तुटता कामा नये, प्राण जाता कामा नये. छळ एकदाच करायचा, हाही नियम. मग पळवाट निघाली. छळ 'संपला' असं लिहायचंच नाही, 'स्थगित केला' असं लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी तोच पुढे चालू! कबुली दिलीच तर दुसऱ्या दिवशी, त्या खोलीच्या बाहेर, ती पुन्हा वदवून घ्यायची, म्हणजे ती 'स्वेच्छेने' दिलेली ठरते. तिथे माणूस फिरला तर खोली आहेच. आणि शेवटी देहदंड द्यायचा झाला तर चर्च स्वतः देत नसे. कैदी सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करताना 'याच्यावर दया करा' अशी रीतसर विनंती करी, आणि मग सरकार त्याला जाळी.

हा सगळा कारभार राक्षसांनी चालवलेला नाही. चांगले शिकलेले, कायदा जाणणारे, वेळेवर प्रार्थना करणारे लोक होते ते. त्यांच्या कायद्यात आरोपीची कबुली ही पुराव्यांची राणी होती. एकदा कबुलीला एवढं मोल दिलं की ती मिळवायची दोरी कुठल्याही कचेरीत सापडते. छळाचा इतिहास म्हणून लोखंडी सापळे दाखवत राहिलं की तो प्रकार दुसऱ्या कुणाचा, दुसऱ्या काळातला वाटायला लागतो. माझं म्हणणं एवढंच.

आता तुमचं ऐकू दे. छळ कधी समर्थनीय ठरतो का? माझ्या मते कधीच नाही. 'मग काय दहशतवाद्यांची आरती ओवाळायची?' हा प्रतिसाद येणार हे गृहीत धरलं आहे.

---

डिचोलीकर

लेख चांगला लिहिलाय, पण वास वेगळाच येतोय. पेटी खोटी, नाशपाती खोटी, मग इन्क्विझिशनही तसं सभ्यच होतं म्हणायचं का? सोळा हजारांच्या वर खटले चालले गोव्यात. १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षं काय ती बंद होती, पोर्तुगालच्या पोंबाल या मंत्र्याच्या कृपेने. फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्येच राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन मागितलं होतं. तो गेल्यावर आठ वर्षांनी ते आलं. १७३६ चं फर्मान वाचा: लग्नात कुठली गाणी म्हणायची नाहीत, दारात तुळस लावायची नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही. ज्यू वंशाच्या गार्सिया द ओर्ता या वैद्याला मरून बारा वर्षं झाली होती, तरी १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. बहिणीला तर त्याआधीच जिवंत जाळलं होतं. आणि आम्ही इथे पेटीची सत्यता तपासत बसायचं?

---

मांडवीकाठ

डिचोलीकर, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे, आणि म्हणूनच खोटा फोटो नको. उद्या कोणी ती पेटी बनावट आहे असं सिद्ध केलं (पाच मिनिटांचं काम आहे), की तोच माणूस म्हणणार, 'बघा, इन्क्विझिशनच्या गोष्टी अशाच रचलेल्या.' ओर्ताच्या हाडांना पेटीचा आधार लागत नाही.

---

जुनें_गोंय_गाईड

पर्यटकांना फिरवतो म्हणून सांगतो. इन्क्विझिशनची जागा कुठली, हे रोज विचारतात. से कॅथेड्रलसमोर आदिलशहाचा जुना वाडा होता, त्यात आधी व्हाइसरॉय राहायचे, पुढे इन्क्विझिशन. लोक त्याला व्हडलें घर म्हणत. इन्क्विझिशन बंद पडल्यावर काही वर्षांनी ते पाडलं. आता तिथे दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही. लोकांना ते पटत नाही, 'तळघर तरी असेल ना' म्हणतात.

मग दाखवायचं काय? हातकातरो खांब! चौथऱ्यावर उभा आहे, काळा दगड, घडण जुन्या देवळाच्या खांबासारखी. काहीजण म्हणतात की हिंदूंचे हात इथे बांधून कापले, म्हणून हे नाव. काहीजण म्हणतात हा पेलोरिन्यु. पोर्तुगीजांच्या प्रत्येक शहरात चौकात असा खांब असायचा, गुन्हेगाराला बांधून चारचौघांत फटके मारायला. मी पर्यटकांना दोन्ही बाजू सांगतो. त्यांचा फोटो काढून होईपर्यंत पहिली बाजूच लक्षात राहिलेली असते.

---

कुड्तरीचो

मी किरिस्तांव, पण मराठी शाळेत शिकलेला, म्हणून इथे येऊन वाचतो. एक गोष्ट या चर्चेत नेहमी गाळली जाते. इन्क्विझिशनचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा घेतलेल्या माणसावर. सुरुवातीला त्यांचं लक्ष पोर्तुगालमधून आलेल्या, धर्म बदललेल्या ज्यूंवर होतं. पुढे बहुतेक खटले स्थानिक ख्रिश्चनांवर: घरात गुपचूप जुना विधी केला, नवस बोलला, मुहूर्त पाहिला. हिंदूंनाही त्रास झाला, त्यांच्या विधींवर बंदी आली, धर्मांतरात आडवे आले म्हणून शिक्षा झाल्या. पण त्या दोरीला लटकलेला माणूस बहुतेक वेळा माझा पणजा-खापरपणजा होता. फोटो पाठवणारे मात्र तो आम्हालाच पाठवतात, जणू दोरी आम्ही ओढत होतो.

देव बरें करूं, चर्चा चालू ठेवा.

---

डिचोलीकर

हा मुद्दा मान्य. फोटो मी पाठवत नाही, हेही सांगून ठेवतो.

---

आगशीची_सून

धागाकर्त्याने शार्ल देलोनचं नाव कसं घेतलं नाही? फ्रेंच वैद्य. १६७३ मध्ये दमणला पकडला, नंतर गोव्याला आणून व्हडल्या घरात टाकला. सुटून फ्रान्सला गेल्यावर १६८७ मध्ये त्याने सगळी हकिकत छापली. आतला कारभार जगाला कळला तो त्याच्यामुळे.

त्याला कुणी दोरीला टांगलं नाही. दहा फुटांची चुन्याने रंगवलेली खोली, उंचावर लहान खिडकी, आणि शांतता. मोठ्याने बोलायचं नाही, रडायचं नाही, प्रार्थनासुद्धा मोठ्याने म्हणायची नाही. आवाज केला की पहारेकरी चाबूक घेऊन येई. नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी सकाळी दुसऱ्यांच्या किंकाळ्या तेवढ्या ऐकू येत. चौकशीला नेलं की विचारत: तुला का पकडलंय, माहीत आहे का? आरोप काय ते सांगत नसत, साक्षीदार कोण तेही नाही. आपला गुन्हा आपणच ओळखून कबूल करायचा. चुकीचा गुन्हा कबूल केला तर 'अजून लपवतोय'! या कोंडवाड्यात त्या माणसाने जीव द्यायचा प्रयत्न केला. शेवटी जानेवारी १६७६ च्या ऑतो-द-फेमध्ये, म्हणजे शिक्षा जाहीर करायच्या सोहळ्यात, त्याला मिरवून पाच वर्षं गलबतावर वल्ही मारायची शिक्षा दिली.

आता घरातलं. सासूबाईंचे मामा मुक्तिलढ्यात आग्वादच्या तुरुंगात होते. आता तिथे संग्रहालय झालंय, कॅफेही आहे, माणसं सेल्फी काढतात. मामा सांगायचे की मार बसायचा तो पाल्मातोरियाने. गोल चकतीची लाकडी थापी, तिला भोकं. तळहातावर आणि तळपायावर. गंमत अशी की हीच थापी पोर्तुगीज शाळेत मास्तरांच्या टेबलावरही असायची, त्यामुळे पहिल्या फटक्याला आपल्याला शाळाच आठवली, असं म्हणून ते हसायचे. आम्ही हसत नव्हतो. आजन्त मोंतेरूचं, म्हणजे पोर्तुगीज पोलिसांतल्या कासिमिरो मोंतेरोचं नाव निघालं की मात्र ते गप्प व्हायचे. गोव्यातल्या जुन्या सत्याग्रहींना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. हाच मोंतेरो पुढे १९६५ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे विरोधक जनरल देल्गादो यांच्या खुनात होता.

आणि सालाझारच्या गुप्त पोलिसांची पोर्तुगालमधली खास पद्धत कुठली? पुतळा. माणसाला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. बस. झोपू द्यायचं नाही, टेकू द्यायचं नाही, दिवसच्या दिवस. पाय सुजतात, भास व्हायला लागतात. हत्यार कुठलं, तर भिंत.

---

मांडवीकाठ

देलोन मुद्दाम ठेवला होता, कोणीतरी आणेल म्हणून. तुम्ही माझ्यापेक्षा बरा आणलात.

भिंतीवरून आठवलं. ब्रिटिशांनी १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या कैद्यांवर पाच प्रकार वापरले: भिंतीशी उभं करणं, डोक्यावर पिशवी, सतत कर्कश आवाज, झोप न देणं, अन्नपाणी तोडणं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९७८ मध्ये निकाल दिला की हे अमानुष आणि अपमानास्पद आहे, पण 'छळ' म्हणण्याइतकं तीव्र नाही. पुढे इतरांनी हाच निकाल ढाल म्हणून वापरला.

---

पेठेतला_बखरकार

युरोप-युरोप पुरे. आपल्याकडे बघू.

आपल्या गोतसभांच्या (गावच्या पंचायतींच्या) निवाड्यांत पुरावा अपुरा पडला की 'दिव्य' असे. रवादिव्य घ्या. कढईत तूप-तेल उकळायचं, त्यात धातूचा रवा टाकायचा, आणि वादीने हात घालून तो बाहेर काढायचा. त्याआधी नखं काढून हात नीट तपासायचे, नंतर हाताला पिशवी बांधून मोहोर करायची. ठरल्या दिवशी पंचांसमोर मोहोर फोडून हात बघायचा: भाजल्याची खूण नाही तर खरा, फोड आले तर खोटा. वतनाचे कैक तंटे असे मिटले. महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, याचे तपशील आहेत, आणि वाचताना अंगावर काटा येतो.

तर प्रश्न असा की हा छळ होता का? माझ्या मते नाही. इथे त्या माणसाकडून काही वदवून घ्यायचं नसतं, उत्तर देवाकडून हवं असतं. आणि बरेचदा वादी स्वतःच म्हणतो, मी दिव्य करतो. युरोपातही असंच होतं, तापलं लोखंड वगैरे. १२१५ मध्ये चर्चने आपल्या पाद्र्यांना दिव्यात भाग घेऊ नका असं फर्मावलं. देव न्यायालयातून उठून गेला, आता पुरावा कोण देणार? मग आरोपीनेच द्यायचा! त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत ते धागाकर्त्याने सांगितलेलं १२५२ आलं. छळ हा अंधारयुगाचा अवशेष नाही. त्या काळच्या सुधारकांनी दिव्याला अंधश्रद्धा ठरवून आणलेली ती 'आधुनिक' पद्धत होती.

---

सरळसोट

@बखरकार, आणि छत्रपती संभाजी महाराजांचं काय? तो तर औरंगजेबाने केलेला छळच. त्याला कुठल्या खणात बसवणार?

---

पेठेतला_बखरकार

खण करावेच लागतात, नाहीतर सगळंच एका पोत्यात जातं. खजिना कुठे, आणि माझे कोण कोण सरदार तुला फितूर होते, हे दोन प्रश्न बादशहाने विचारायला लावले, असं त्या वेळच्या लेखनात येतं. उत्तर मिळालं नाही. त्यानंतर ११ मार्च १६८९ पर्यंत जे झालं त्यात माहिती मिळवण्याचा हेतू उरलेलाच नव्हता. ते इतरांना दाखवण्यासाठी होतं. आणि दाखवून उपयोग काय झाला? दक्खनेत पुढची अठरा वर्षं बादशहाला घरी जाता आलं नाही.

---

सरळसोट

बरं. आता मुद्द्याचं. तुम्ही सगळे सुशिक्षित लोक एका प्रश्नाला बगल देताय. बाजारात बॉम्ब ठेवलाय, तासाभरात फुटणार, ठेवणारा तुमच्या ताब्यात आहे. चार फटके द्यायचे की नाही? हो किंवा नाही. निबंध नको.

---

म्हापशाचा_वकील

नाही. आता निबंध.

तुमच्या गोष्टीत तुम्ही चार गोष्टी आधीच धरून चाललाय. हाच तो माणूस आहे. त्याला जागा माहीत आहे. तो खरं सांगेल. आणि खोटं सांगितलं तर ते तपासून परत यायला वेळ आहे. पोलीस ठाण्यात यातली पहिली गोष्टसुद्धा कधी पक्की नसते.

पण तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारी खरी केस आहे. फ्रँकफर्ट, २००२. अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण, आणि खंडणी घेतल्यावर आरोपी पकडला गेलेला. माणूस बरोबर होता. मूल कुठे ते सांगेना. तिथल्या उपपोलीसप्रमुखाने धमकी द्यायला लावली की बोलला नाहीस तर असह्य वेदना देऊ. मारलं नाही, नुसती धमकी. तो लगेच बोलला. मूल आधीच मेलेलं होतं.

पुढचं लक्षात घ्या. त्या अधिकाऱ्याने आपण काय आदेश दिला ते स्वतःच फाइलवर नोंदवलं. त्याच्यावर खटला झाला, तो दोषी ठरला, आणि शिक्षा नाममात्र झाली. धमकीनंतरचे जबाब कोर्टाने बाजूला ठेवले, तरी आरोपीला जन्मठेप झाली, कारण कोर्टात त्याने पुन्हा कबुली दिली आणि इतर पुरावा होता. २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने ही धमकीसुद्धा बंदीचा भंग ठरवली. मला हे जमलेलं उत्तर वाटतं. एखाद्या अधिकाऱ्याला खरंच वाटलं की नियम मोडावाच लागतोय, तर त्याने मोडावा, लिहून ठेवावं, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं. तुम्हाला मात्र त्याच्यासाठी आधीच परवानगी हवी आहे.

---

सरळसोट

म्हणजे त्याने नोकरी घालवून लोकांना वाचवायचं आणि तुम्ही नैतिकदृष्ट्या स्वच्छ. छान!

---

म्हापशाचा_वकील

स्वच्छ कोणीच नाही. परवानगी असलेल्या देशाचा हिशेब मात्र समोर आहे. अमेरिकेने ११ सप्टेंबरनंतर परवानगी दिली. २०१४ मध्ये त्यांच्याच सिनेटच्या समितीचा अहवाल आला. एका कैद्याला १८३ वेळा पाण्याने गुदमरवलं. काहींना १८० तासांपर्यंत जागं ठेवलं. निष्कर्ष: माहिती मिळवायला ही पद्धत परिणामकारक नव्हती. आणि सुरुवात तुमच्यासारखीच, तासाभरात फुटणाऱ्या बॉम्बच्या गोष्टीने झाली होती.

---

पांढरी_काठी

हवालदार म्हणून रिटायर झालो, महाराष्ट्रात. आता पेडण्याला मुलाकडे असतो. तुमचं सगळं वाचलं. पुस्तकी आहे पण बरोबर आहे. मी दोन शब्द टाकतो.

बॉम्ब-बिम्ब आमच्या नशिबी नसतो. आमच्याकडे येते चेन. मोबाईल. मोटरसायकल. कपाटातले दोन तोळे. फिर्यादी येतो, इस्त्रीचा शर्ट, साहेबांसमोर खुर्चीवर बसतो, चहा घेतो. संशय कोणावर? घरकाम करणाऱ्या बाईच्या पोरावर. का? दुसरं कोण असणार! मग चहाचा कप खाली ठेवून आवाज बारीक करून म्हणतो, 'साहेब, जरा आतल्या खोलीत घ्या ना, पाच मिनिटांत बोलेल.' शिकलेला माणूस. मुलांना इंग्लिश मीडियमला घालणारा. दोन दिवसांत मुद्देमाल मिळाला नाही तर हाच माणूस वरच्या साहेबांना फोन करतो की पोलीस काही करत नाहीत. पेपरात पण तेच येतं.

वर विचारणा होते ती डिटेक्शन किती टक्के याची. कसं केलं हे कोणी विचारत नाही. बोटांचे ठसे घ्यायला माणूस जिल्ह्याहून येणार, तोपर्यंत त्या कपाटाला घरातल्या सगळ्यांनी हात लावलेला असतो.

आणि मारलेला माणूस बोलतो. खूप बोलतो. मित्राचं नाव सांगतो, मेहुण्याचं सांगतो, ज्याच्याशी भांडण आहे त्याचं तर आधी सांगतो. मग आम्ही त्यांना उचलतो. सराईत असतो तो मात्र दात खाऊन बसतो, त्याला सवय असते. कच्चा माणूस पहिल्या रात्रीच कबूल. म्हणून साहेब लोकांत जे खरे तपासी होते ते हात लावायचे नाहीत. गप्पा मारायचे, दोन दिवस त्याच गप्पा, आणि माणूस आपल्याच बोलण्यात अडकायचा. पण त्याला वेळ लागतो आणि अक्कल लागते. दोन्ही कमी.

---

मांडवीकाठ

पांढरी काठी, इथे आलेला सर्वात वजनदार प्रतिसाद तुमचा. 'सराईत टिकतो, कच्चा कबूल करतो' हेच बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्ये मिलानमध्ये बसून लिहिलं होतं: या पद्धतीत धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध अडकतो. त्याच्या आधी १६३१ मध्ये फ्रीडरिश श्पे या जेझुइट पाद्र्याने चेटकिणींच्या खटल्यांबद्दल तेच सांगितलं. तो म्हणत होता की आपण सगळेच चेटके ठरलो नाही याचं कारण एवढंच की आपला अजून छळ झालेला नाही. नाव न घालता छापावं लागलं त्याला.

---

डिचोलीकर

पण काठीबुवा, कोर्टात पोलिसासमोरची कबुली चालतच नाही ना? मग मारून फायदा काय?

---

म्हापशाचा_वकील

बरोबर जागी बोट ठेवलंत. आणि त्यामागे आपलाच इतिहास आहे.

१८५५ मध्ये मद्रास इलाख्यात एक चौकशी आयोग बसला. कंपनी सरकारची सारावसुली करणारे आणि पोलीस एकच, आणि वसुलीसाठी रयतेचा छळ सर्रास. बोटं चिरडायचा लाकडी चिमटा, त्याला कित्ती म्हणत. माणसाला वाकवून मान पायांशी बांधून उन्हात ठेवायचं, त्याला अनुंदल. सगळं अहवालात आहे. १८५७ च्या बंडाच्या बातम्या लंडनला पोचत असताना कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या पेपरात याच अहवालावर लेख लिहिला.

भारतीय दंड संहिता आली १८६० मध्ये. तिच्या कलम ३३० खाली उदाहरणं दिली होती: कबुलीसाठी छळ करणारा पोलीस, चोरीचा माल कुठे ते सांगावं म्हणून छळ करणारा पोलीस, सारा वसूल करायला छळ करणारा महसूल अधिकारी, आणि खंडासाठी कुळाचा छळ करणारा जमीनदार. कायद्याच्या पुस्तकात एवढी स्पष्ट कबुली सरकारने सहसा दिलेली नसते. मग १८७२ चा पुरावा कायदा: पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. आपल्याच पोलिसांवर विश्वास नाही, हे इंग्रजांनी कलम करून ठेवलं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम २३ म्हणून कायम आहे.

पण त्यालाच एक शेपूट आहे. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात चालतो. म्हणून सगळा जोर 'निवेदन पंचनाम्या'वर. कबुली नको, चेन कुठे पुरलीस ते दाखव! दोरी ओढायला पुन्हा कारण मिळालं.

कबुली द्यायचीच असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर. त्यांनी आधी बजावायचं असतं की तू बांधील नाहीस, हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. आणि आरोपी म्हणाला की मला कबुली द्यायची नाही, तर त्याला परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. धागाकर्त्याचा तो इन्क्विझिशनचा दुसऱ्या दिवशीचा प्रकार आठवा. तिथे फिरलेल्याला परत त्याच खोलीत नेत. आपल्या कायद्याने नेमकं ते दार बंद केलंय. कागदावर तरी.

---

कुड्तरीचो

आणि छळाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार? तो भारताने मान्य केला ना?

---

म्हापशाचा_वकील

सही १९९७ मध्ये केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. त्यासाठी छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा हवा. २०१० मध्ये विधेयक लोकसभेत पास झालं, राज्यसभेने प्रवर समितीकडे पाठवलं, समितीने अहवालही दिला, पण पुढे ते पास झालंच नाही. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात पुन्हा मसुदा दिला. तोही तसाच. कोर्टांनी मात्र काम केलंय: १९९६ चा डी. के. बसू निकाल (अटकेच्या वेळी पाळायचे नियम), २०१० चा सेल्वी निकाल (संमतीशिवाय नार्को चाचणी नाही), आणि २०२० चा निकाल, प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं.

---

पांढरी_काठी

कॅमेरे आले. त्याबरोबर कॅमेरा नसलेली खोलीही आली. मी गेल्यानंतरचं आहे, जास्त बोलत नाही.

---

संपादक मंडळ

सेंट झेवियर यांच्या शवप्रदर्शनावरून आणि दोन सदस्यांच्या आडनावांवरून आलेले प्रतिसाद काढले आहेत. विषयावर राहा.

---

सरळसोट

माझा बॉम्ब अजून तिथेच आहे, कोणी निकामी केलेला नाही. पण त्या चहाच्या कपाचं पटलं. आमच्या सोसायटीत वॉचमनच्या बाबतीत अगदी असंच झालं होतं, आणि 'आत घ्या' म्हणणारे आमचेच सेक्रेटरी.

---

आगशीची_सून

@जुनें_गोंय_गाईड, गोव्याच्या खटल्यांची मूळ कागदपत्रं कुठे बघायला मिळतात? पणजीच्या पुराभिलेखात आहेत का?

---

मांडवीकाठ

मी सांगतो. खटल्यांच्या फायली बहुतेक सगळ्या इन्क्विझिशन बंद झाल्यावर जाळून टाकल्या. त्यामुळे आतली हकिकत देलोनसारख्यांकडूनच घ्यावी लागते. पण लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १६२३ ची एक सूची आहे, जुवांव देल्गादो फिगैराने केलेली, तोपर्यंतच्या सुमारे ३८०० खटल्यांची. काही पत्रव्यवहार रिओ द जानेरोत आहे. मराठी माणसाने सुरुवात करायची तर अ. का. प्रियोळकरांचं १९६१ चं इंग्रजी पुस्तक. देलोनचा मजकूरही त्यात आहे.

---

नवीन_सभासद_फोंडा

वाचनमात्र होतो, आज लिहितो. विषयाला सोडून असेल तर माफ करा. माझ्या भाच्याला उद्या सकाळी ठाण्यावर चौकशीला बोलावलंय, दुकानातल्या चोरीबद्दल. फोनवरच सांगितलं. वय १९. त्याने काही केलेलं नाही. काय करावं?

---

म्हापशाचा_वकील

विषयाला धरूनच आहे. फोनवर भागणार नाही, लेखी नोटीस मागा. संशयित म्हणून बोलावत असतील तर ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची असेल. एकट्याला पाठवू नका. अटक झाली तर चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही. घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं बंधनकारक आहे. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नाही. तालुका कोणता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

पांढरी_काठी

आत गेल्याची वेळ लिहून ठेवा. आणि मामा म्हणून तुम्ही स्वतः बाहेरच्या बाकावर बसा, दिसेल असे. उठू नका.

---

नवीन_सभासद_फोंडा

व्यनि केलाय.